पास आणि नापास

मोठे शब्द आपल्या अर्थाची ग्वाही स्वतःच देत असतात. ‘कर्तव्य’, ‘स्वातंत्र्य’, ‘न्याय’ हे शब्द कानांवर पडतांच मनुष्य सावध होतो. हा शब्द कोण वापरीत आहे व कशासाठीं वापरीत आहे, हें तो पाहूं लागतो. लहान शब्दांची गोष्ट निराळी. ते घरच्या माणसासारखे केव्हांही येतात-जातात, आणि त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं. परंतु मनुष्याच्या मनावर राज्य चालतें तें बहुधा ह्या लहान शब्दांचेंच. इंग्रजींतून आपल्याकडे आलेल्या अशा लहान शब्दांपैकीं एकाचा विचार येथें करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘पास’.

कोशकारांना लहान शब्दच अधिक छळतात, हें प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. ह्या ४४ वर्षांच्या उद्योगांत संपादकांचा घाम निघाला तो लांबलचक लॅटिन शब्दांपायीं नव्हे, तर ‘सेट’, ‘रन’, ‘गो’ अशा चिमुकल्या शब्दांपायीं. ‘पास’ हा त्याच पंक्तीला बसणारा. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘पास्सुस’ म्हणजे ‘पाऊल’ ह्या शब्दांत आहे. तेथून फ्रेंचमध्यें ‘चालून जाणें, ओलांडणें’ ह्या अर्थाचें क्रियापद झालें आणि तें इंग्रजींत आलें. एका पावलाच्या ह्या बीजापासून केवढा वृक्ष झाला पाहा. डोंगरांतील खिंड ही पास, आणि ती ओलांडण्याचा परवाना हाही पास. वेळ जाणें हें पास होणें, आणि मनुष्य जाणें, म्हणजे मरणें, हेंही पास होणेंच. विधिमंडळांत कायदा पास होतो, न्यायाधीश शिक्षा पास करतो, जेवणाच्या मेजावर मिठाचें भांडें पास करतात, खेळांत चेंडू पास करतात, आणि पत्त्यांच्या डावांत बोली करावयाची नसली म्हणजे ‘पास’ म्हणून गप्प बसतात. खोटें नाणें खरें म्हणून खपलें तर तें पास झालें. एखाद्या पुरुषानें परस्त्रीशीं लगट करूं पाहिली, तर इंग्रजी बोलींत त्यालाही ‘पास’च म्हणतात. दुसऱ्याच्या हद्दींत पाऊल टाकणें हा ‘ट्रेसपास’, आणि परमुलखांत पाऊल टाकण्याचा दाखला म्हणजे ‘पासपोर्ट’.

आपल्या भाषेनें ह्या पसाऱ्यांतून स्वतःपुरतें निवडून घेतलें. मिठाचें भांडें आपण पास करीत नाहीं, ‘जरा इकडे द्या’ म्हणतों. आणि मेलेल्या माणसाविषयीं ‘ते गेले’ एवढेंच म्हणतों. उलट, इंग्रजाच्या स्वप्नांतही नसलेले कांहीं उपयोग आपण ह्या शब्दाला लावले. नेरळसारख्या स्टेशनाच्या गांवीं राहणाऱ्याला ते रोज ऐकूं येतात. ‘पास संपला का?’ हा प्रश्न घरोघरीं ठरलेला. कल्याण किंवा मुंबई गांठणाऱ्या नोकरदाराची पासावांचून एक पहांटही उजाडत नाहीं. रिक्षावाला आपल्या वाहनाचें ‘पासिंग’ झालें कीं नाहीं, ह्या चिंतेंत असतो. गाडींत शेंगदाणे विकणारा पोऱ्या ‘टाइमपास, टाइमपास’ म्हणून ओरडतो, आणि काळाला मारण्याचें साधन पुडींत बांधून विकतां येतें, हें तत्त्वज्ञान्यांना न सुचलेलें सत्य सहज सांगून जातो. कोणाच्या हृदयाची ‘बायपास’ होते, कोणाच्या गांवाला ‘बायपास’ होतो. बँकेचें पासबुक, नाटकाचा फुकट पास, कचेरींत अडकून पडलेलें आणि एकदांचें पास झालेलें बिल, हें सर्व आलेंच.

परंतु ह्या सर्वांवर कडी करणारा आपल्याकडचा शब्द म्हणजे ‘नापास’. इंग्रजी शब्दाला फारसी ‘ना’ लावून तो घडविलेला आहे. इंग्रजाचा ‘फेल’ त्या मानानें मऊ. त्याच्या मुळाशीं निदान कांहीं करूं पाहणें व तें न साधणें अशी क्रिया आहे. ‘नापास’ हा शब्द क्रियेवर बसत नाहीं, माणसावर बसतो. नालायक, नाकर्ता, नापीक, नापसंत ह्यांच्या ओळींत तो सहज जाऊन उभा राहतो, आणि त्या ओळींत उभ्या राहणाऱ्याकडे लोक ज्या दृष्टीनें पाहतात, ती दृष्टि त्याच्याही वांट्यास येते.

आतां ह्या शब्दाच्या सगळ्या अर्थांचा पाला झाडून टाकला, तर खालीं तीन फांद्या उरतात. पहिली : स्वतः चालून पलीकडे जाणें. दुसरी : दुसऱ्यानें जाऊं देणें. तिसरी : बाजूनें निघून जाणें, न थांबणें. पहिलींत पुरुषार्थ आहे. दुसरींत अधिकार आहे, पण तो दुसऱ्याचा. तिसरींत केवळ सुटका आहे. नीतीच्या दृष्टीनें ह्या तीन गोष्टी परस्परांहून अगदीं भिन्न होत. परंतु शब्द एकच असल्यामुळें आपल्या मनांत त्या एकमेकींत मिसळतात. आणि माझें म्हणणें असें कीं, आपल्या सुशिक्षित वर्गाच्या पुष्कळशा नैतिक गोंधळाचें कारण ह्या मिसळण्यांत आहे. परवानगी मिळाली म्हणजे लायकी सिद्ध झाली असें आपण धरून चालतों. आणि लायकी सिद्ध झाली म्हणजे इतरांच्या बाजूनें न थांबतां निघून जाण्याचा हक्क मिळाला असें समजतों. हे तीन अर्थ एकेक करून तपासून पाहूं.

पहिल्या अर्थासाठीं फार दूर जावयास नको. नेरळच्या पुढें कर्जत, आणि कर्जतच्या पुढें बोरघाट. इंग्रजानें ज्याला पास म्हटलें त्याला आपण घाट म्हणतों. मौज अशी कीं, परकीयांनीं वाटेचें नांव डोंगराला दिलें, आणि सबंध सह्याद्रि जगाच्या नकाशावर ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणून नोंदला गेला. घाट म्हणजे डोंगर नव्हे. डोंगर ओलांडण्याची वाट. ती आधीं पावलांनीं पडली : लमाणांच्या बैलांच्या, ओझीं वाहणाऱ्यांच्या, मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांच्या. मग १८३० सालीं सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि १८६३ सालीं त्याच डोंगरांतून आगगाडी वर चढली. त्या लोहमार्गाच्या कामावर सहस्रावधि मजूर पटकीनें व तापानें मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें आणि काम पुरें करविलें.

ह्याच घाटांत शिंग्रोबाचें देऊळ आहे. लोककथा अशी कीं, साहेबाला डोंगरांतून वाट सांपडेना, तेव्हां शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें ती दाखविली. आणि वाट दाखवून झाल्यावर त्याच्या वांट्यास बक्षीस आलें तें बंदुकीच्या गोळीचें. ही कथा इतिहासाच्या कसाला उतरो वा न उतरो, तींतील विचार खोटा नाहीं. वाट ज्याच्या पायांना ठाऊक होती त्याच्याजवळ दाखला नव्हता, आणि दाखला ज्याच्याजवळ होता त्याला वाट ठाऊक नव्हती. आजही ह्या तालुक्यांतील ठाकरवाड्यांत व कातकरवाड्यांत अशीं माणसें आहेत, कीं ज्यांना कोणती रानभाजी कोणत्या पावसाला उगवते, कोणता कंद उकडून खावा आणि कोणत्याला हात लावूं नये, हें पानांच्या वासावरून कळतें. आमच्या कोष्टकांत हीं माणसें पडतात कोठें? ‘अशिक्षित’ ह्या रकान्यांत. ‘पास’ शब्दाचा पहिला अर्थ म्हणजे स्वतःच्या पावलांनीं पलीकडे जाणें हा असेल, तर तो अर्थ आम्हीं त्यांच्यापासून काढून घेतला आहे.

दुसरा अर्थ परवान्याचा. त्याचा इतिहास इंग्रजी ‘पास’ येण्यापूर्वींच आपल्या कोंकण किनाऱ्यावर लिहिला गेला. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं अरबी समुद्रांत ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना चालू केला. ज्या गलबताजवळ तो नसेल तें पकडावें व माल जप्त करावा, असा त्यांचा खाक्या होता. समुद्र कोणी बांधलेला नव्हता, वारा कोणाच्या मालकीचा नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्याला एकाएकीं परक्याचा कागद लागूं लागला. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांनीं तेंच शस्त्र उलट फिरविलें. आमच्या दस्तकावांचून ह्या किनाऱ्यानें व्यापारी गलबत जाऊं शकणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. त्याबरोबर इंग्रजांनीं त्यांना चांचा ठरविलें. आपल्या स्वतःच्या कंपनीचे पास मात्र त्यांच्या लेखीं कायदेशीर होते! ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परवान्यावरून परवाना घेणाऱ्याची लायकी कळत नाहीं. देणाऱ्याची सत्ता कळते.

दक्षिण आफ्रिकेनें ह्या शब्दाचें सर्वांत विद्रूप तोंड जगाला दाखविलें. ट्रान्सवालमध्यें हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला बाळगण्याची सक्ती झाली, तेव्हां १६ ऑगस्ट १९०८ रोजीं जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर गांधीजींच्या नेतृत्वाखालीं दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यांत आले. तेथील कृष्णवर्णीयांना तर स्वतःच्याच देशांत फिरण्यासाठीं पास जवळ ठेवावा लागे. त्याविरुद्ध शार्पव्हिल येथें २१ मार्च १९६० रोजीं जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसें मेलीं. हे पास-कायदे रद्द होण्यास १९८६ साल उजाडावें लागलें. आपल्याही देशांत १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदल्या गेल्या, आणि गांवाबाहेर जावयाचें तर त्यांना पास घ्यावा लागे. जन्मतःच नापास ठरलेल्या माणसाला चालण्यासाठीं पास लागावा, ह्यांत शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना कसे हात देतात तें दिसून येतें.

कोणी म्हणेल, हा गेल्या काळचा अन्याय झाला. तर अगदीं अलीकडची गोष्ट घेऊं. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें मुंबईची उपनगरी गाडी बंद झाली. जूनमध्यें ती पुन्हा सुरू झाली ती ‘अत्यावश्यक’ सेवेंतील लोकांसाठीं; आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना मासिक पास मिळूं लागला. साथींत असे निर्बंध लागतात, हें मी मुळींच नाकारीत नाहीं. गाडींत किती माणसें मावतील ह्याचा हिशेब कोणाला तरी करावाच लागतो. प्रश्न हिशेबाचा नाहीं, शब्दाचा आहे. धुणींभांडीं करून, भाजीच्या पाट्या विकून ज्यांची चूल पेटत होती, त्यांचें काम कोणत्याही यादींत नव्हतें. त्यांच्या मुलांची भूक मात्र अत्यावश्यकच होती. नियमानें ‘कोणाला आज गाडींत चढूं द्यावें’ एवढेंच ठरविलें होतें. घरांत बसून पगार घेणारे आम्ही मात्र ‘कोणाची गरज आहे व कोणाची नाहीं’ असा त्याचा अर्थ लावूं लागलों. तात्पुरती परवानगी ही माणसाची किंमत होऊन बसते, ती अशा रीतीनें. २००९ सालीं रेल्वेनें गरीब प्रवाशांसाठीं २५ रुपयांचा मासिक पास काढला आणि त्याला नांव दिलें ‘इज्जत’. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु इज्जत ही खिडकीवर मिळणारी वस्तु आहे, ही कल्पना त्या नांवांत नकळत येऊन बसलीच.

आतां परीक्षेकडे वळूं. कारण आमच्यासारख्यांच्या घरांत ‘पास’ शब्दाचा मुख्य अर्थ तोच. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली, आणि १८६२ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या दिवसापासून ‘पास’ ह्या शब्दांत पहिले दोन्ही अर्थ एकजीव झाले. परीक्षा पास होणें म्हणजे कांहीं शिकून पलीकडे जाणें हें खरें. परंतु त्याबरोबरच सरकारी नोकरीच्या दारांतून आंत जाण्याचा परवाना मिळणें हेंही खरें. लग्नाच्या बैठकींत ‘मुलगा किती पास आहे?’ असें विचारीत, तेव्हां विचारणाऱ्याला त्याच्या ज्ञानाची उत्सुकता नसे. तो परवान्याची मुदत व किंमत विचारीत असे.

परीक्षक म्हणून अनेक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर मला एवढें निश्चित सांगतां येतें कीं, ३४ आणि ३५ ह्या दोन आंकड्यांत ज्ञानाचें म्हणण्यासारखें कांहींच अंतर नसतें. अंतर असतें तें रेषेचें. रेषा कोठें तरी ओढावीच लागते, आणि कोठेंही ओढली तरी कोणी तरी तिच्या अलीकडे एक गुण राहतोच. ही व्यवहाराची सोय झाली, सृष्टीचा नियम नव्हे. परंतु घरीं गेल्यावर ह्या एका गुणाचें काय होतें पाहा. पहिल्या दिवशीं घरांतले म्हणतात, ‘तो नापास झाला.’ दुसऱ्या आठवड्यांत म्हणतात, ‘तो नापास आहे.’ ‘झाला’ म्हणजे घडलेली गोष्ट. ती उद्यां निराळी घडूं शकते. ‘आहे’ म्हणजे स्वभाव. एका क्रियापदाच्या बदलानें एका दुपारचा निकाल जन्माचा निकाल होतो. दर वर्षीं निकालाच्या सुमारास कोवळ्या मुलांनीं जिवाचें बरेंवाईट केल्याच्या वार्ता आपण वाचतों. गुण कमी पडले म्हणून कोणी जीव देत नाहीं. पुढें जाण्याची परवानगीच जगानें काढून घेतली, असें त्या मुलाला वाटलेलें असतें. आणि तें तसें वाटावें म्हणून शेजारीपाजारीं, नातेवाईक आणि कित्येकदां आम्ही शिक्षकही, तो शब्द त्या अर्थानें उच्चारीत असतों.

शासनाच्याही हें ध्यानांत आलेलें दिसतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणा मुलाला मागें ठेवूं नये असें ठरलें. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या परीक्षेपुरती राज्यांना पुन्हा मोकळीक मिळाली. महाराष्ट्रांत दहावीच्या गुणपत्रिकेवरही नापासाच्या शेऱ्याऐवजीं ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शब्द आले. हेतु दयेचा आहे. परंतु शब्द बदलल्यानें अर्थ बदलतो, हा भ्रम होय. जुना अर्थ नव्या शब्दांत दोन वर्षांत बिऱ्हाड करतो. शिवाय ह्या नव्या शेऱ्यानें एक नवीनच अन्याय होतो, तो लक्षांत घेण्यासारखा आहे. जो परीक्षेंत पडला तो कौशल्याला पात्र, असें म्हटल्यानें सुतार, गवंडी, लोहार, वायरमन ह्यांचीं कौशल्यें म्हणजे पडलेल्यांचें आश्रयस्थान ठरतात. एका मुलाचा अपमान टाळण्यासाठीं आपण सगळ्या कारागिरांचा अपमान केला!

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पूल बांधणाऱ्याची परीक्षा नको काय? शस्त्रक्रिया करणाऱ्याची नको काय? घाटांतून प्रवाशांची मोटार नेणाऱ्याला डोळे आहेत कीं नाहींत, हें पाहावयाचें नाहीं काय? अवश्य पाहावयाचें. ज्याच्या हातीं परक्याचा जीव द्यावयाचा, त्याला ‘तुम्ही अजून तयार नाहीं’ असें स्पष्ट सांगणें ही दया नसली तरी नीति आहे. आणि तें न सांगणारा परीक्षक पुढें मरणाऱ्या रोग्याचा अपराधी आहे. म्हणून परीक्षा नाहींशी करा, असें माझें म्हणणें नाहीं. परीक्षा कशाची होते, एवढेंच ध्यानांत ठेवावें असें म्हणणें आहे.

ह्या बाबतींत आपल्या जुन्या शब्दांत अधिक शहाणपण होतें. ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पार गेलेला. त्यांतही ओलांडणें आहे. पण नदी ज्याला आज तरतां आली नाहीं, त्याला कोणी ‘नानदी’ म्हणत नाहींत. तो पुन्हा पाण्यांत उतरतो. त्याहूनही चांगला शब्द म्हणजे ‘कसाला उतरणें’. सोनार कसोटीच्या दगडावर सोनें घासतो आणि उमटलेली रेघ पाहतो. कस कमी निघाला तर तो सोन्याला शिव्या देत नाहीं, किंवा त्याला पितळ म्हणून फेकून देत नाहीं. हें इतक्या कसाचें आहे, एवढेंच सांगतो. त्याच्या बोलण्यांत मोजमाप असतें, धिक्कार नसतो. आणि कसोटीचा दगड सोन्यावर हक्क सांगत नाहीं, हें तर विशेषच. आमच्या परीक्षांनीं एवढें जरी त्या काळ्या दगडापासून घेतलें, तरी पुष्कळ होईल.

आतां राहिला तिसरा अर्थ : बाजूनें निघून जाणें. नीतीच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो शिक्षा भोगणाऱ्याविषयीं नसून यश मिळविणाऱ्याविषयीं आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील एक दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. चोरांनीं मारून रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मनुष्यापाशीं प्रथम एक धर्मोपदेशक आला व बाजूनें निघून गेला. मग मंदिराचा एक सेवक आला, तोही निघून गेला. थांबला तो एक शोमरोनी, म्हणजे त्या समाजानें हीन मानलेला मनुष्य. इंग्रजी भाषांतरांत त्या दोघांच्या निघून जाण्याला जें क्रियापद वापरलें आहे तें ‘पास’ हेंच. समाजाच्या सर्व परीक्षा जे पास झाले होते तेच जखमी माणसाच्या बाजूनें पास झाले, आणि नापास ठरलेला थांबला! भाषेनें नकळत केलेला हा श्लेष मला कित्येक नीतिग्रंथांपेक्षां अधिक बोलका वाटतो.

आपल्या रोजच्या जीवनांत ह्या तिसऱ्या अर्थाला अनेक प्रतिष्ठित नांवें आहेत. कागद पुढच्या मेजावर सरकविणें हें ‘पास करणें’. सभेंत बोलावयाची वेळ आली म्हणजे पत्त्यांतल्या खेळाडूप्रमाणें मौन धरणें हेंही ‘पास’च. आयुष्याचीं वर्षें कशीं गेलीं, असें विचारल्यावर मिळणारें उत्तर म्हणजे ‘टाइमपास’. अमेरिकेंत गोऱ्या रंगाचे कृष्णवर्णीय लोक गोरे म्हणून खपून जात, त्यालाही ‘पास होणें’ म्हणत. नेला लार्सन ह्या लेखिकेची १९२९ ची कादंबरी त्याच नांवाची आहे. त्यांना भयानें व अन्यायानें तसें करावें लागे. आम्हां सुशिक्षितांवर तशी कोणतीही सक्ती नसतांना आम्हीही खपून जातों : सज्जन म्हणून, विचारवंत म्हणून, देशाची काळजी वाहणारे म्हणून. कोणी घासून पाहत नाहीं तोंवर आमचें नाणें चालतें.

ह्याच्या उलट एक उदाहरण ह्याच परिसरांतलें आहे, आणि तें येथील प्रत्येकास ठाऊक आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, १९१२ सालीं माथेरानला एका नाभिक कुटुंबांत जन्मले. शिकले, कायद्याची परीक्षा उतरले, वकील झाले. त्या काळीं एवढ्या पासावर मनुष्य सुखानें बाजूनें निघून जाऊं शकत होता. किंबहुना जावें म्हणूनच तो पास असे. ते गेले नाहींत. माथेरानच्या नगरपालिकेंत त्यांनीं काम केलें, गरीब शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या अडचणींत ते उभे राहिले, आणि १९४२ च्या आंदोलनांत मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या दस्त्याचें नेतृत्व त्यांनीं केलें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. त्यांच्या मार्गाविषयीं अहिंसावाद्यांचा मतभेद असूं शकेल. तो येथें प्रश्न नाहीं. मिळालेला परवाना त्यांनीं सुटकेसाठीं वापरला नाहीं, एवढीच गोष्ट मला दाखवावयाची आहे. आज त्यांना किती गुण पडले होते, हें कोणी विचारीत नाहीं.

शेवटीं एक भाषेचा योगायोग सांगतों. इंग्रजी ‘पास’ येण्याच्या शेंकडों वर्षें आधीं मराठींत एक ‘पास’ होताच. ‘जवळपास’, ‘आसपास’, ‘पाशीं’, ‘पासून’ ह्या शब्दांत तो अजून नांदतो. त्याचें मूळ संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे कूस, बाजू. त्या ‘पास’चा अर्थ ओलांडून जाणें असा नाहीं, कुशीला असणें, जवळ असणें असा आहे. दोन भाषांतले दोन परके शब्द उच्चारानें एक झाले आणि अर्थानें पाठीला पाठ लावून उभे राहिले. निकालाचा कागद हातीं घेऊन मुलगा दारांत उभा राहील, तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्यांना ह्या दोहोंपैकीं एक शब्द निवडावयाचा असतो. तो पास झाला कीं नाहीं, हें कागद सांगेल. आपण त्याच्या पाशीं आहों कीं नाहीं, हें कागदावर नसतें. तें आपल्यालाच सांगावें लागतें.